चुकलं? मग पुन्हा करून बघ!

मैत्रिणींनो, शाळेतून चाचणीचे पेपर घरी आले की आपल्याकडे काय होतं, आठवून बघा. आधी नजर जाते ती वरच्या कोपऱ्यातल्या लाल आकड्याकडे. वीसपैकी किती? मग पुढचा प्रश्न, शेजारच्या मुलीला किती? त्यानंतर थोडी बोलणी, थोडं रडणं, एखादा धपाटा. मग पेपरवर आपली सही होते आणि तो दप्तराच्या तळाशी जातो. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत. पण ज्या गणितात हातचा घ्यायचा राहिला होता, त्या गणिताचं काय? ते चुकलेलंच राहतं. पुढच्या चाचणीत पुन्हा तसंच गणित येतं आणि पोरगं पुन्हा तिथेच अडकतं. आपण म्हणतो, याचं डोकंच चालत नाही. खरं म्हणजे त्याला ते गणित दुसऱ्यांदा करायची संधीच कुणी दिलेली नसते.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्या ताराबाई मोडकांनी आयुष्यभर हेच सांगितलं. मुलाची चूक त्याच्या डोक्यावर मारू नका, त्याच्या हातात द्या. त्याला ती बघू दे, दुरुस्त करू दे आणि पुन्हा करून बघू दे. आपल्याकडे ताराबाईंचं नाव अंगणवाडीशी जोडलेलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण अंगणवाडी जन्माला आली तीही अशाच एका चुकीच्या दुरुस्तीतून, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. माहेर केळकरांचं. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाच्या सुधारक मंडळींपैकी. आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी लग्न केलं होतं. त्या काळात विधवेशी लग्न म्हणजे घरच्यांचा, नातेवाइकांचा रोष ओढवून घेणं. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोक काय म्हणतील याची भीती जरा कमीच असणार. ताराबाई शिकल्या आणि 1914 मध्ये बी.ए. झाल्या. ज्या काळात मुलगी चार यत्ता शिकली तरी खूप झालं असं समजत, त्या काळातली ही पदवी!

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलगी झाली, तिचं नाव प्रभा. पण संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास लहानग्या प्रभाला घेऊन ताराबाई बाहेर पडल्या. आजही नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईकडे लोक कसे बघतात ते आपण जाणतोच. शंभर वर्षांपूर्वी काय परिस्थिती असेल! ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटला मुलींच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळालं. प्रांत परका, भाषा गुजराती, पदरात लहान मूल. त्यांनी ते काम निभावलं. मोडलेल्या डावानंतर नवा डाव मांडायचा असतो, हे त्या स्वतःच्या आयुष्यातून शिकल्या होत्या.

राजकोटहून भावनगर काही फार लांब नाही. तिथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचा एक अवलिया माणूस लहान मुलांची शाळा चालवत होता. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून ते शिक्षणाकडे वळले आणि 1920 मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. छडी लागे छमछमच्या काळात या शाळेत छडी नव्हती. बक्षिसाचं आमिषही नव्हतं. ताराबाईंना हे काम इतकं भावलं, की चांगली प्रतिष्ठेची प्राचार्यपदाची नोकरी सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गेल्या. बरोबर अर्थातच प्रभा होती. आपल्या लेकीला असं शिक्षण मिळावं, ही कोणत्या आईची इच्छा नसेल?

गिजुभाईंच्या शाळेतल्या पद्धतीचं मूळ इटलीतल्या मारिया माँटेसरी यांच्या कामात होतं. डॉक्टर असलेल्या या बाईंनी 1907 मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत मुलांचं घर सुरू केलं. त्यांनी तयार केलेल्या साधनांपैकी एक साधन समजून घेऊ, कारण आपला आजचा सगळा मुद्दा त्यात आहे.

एक लांबट लाकडी ठोकळा. त्यात ओळीने दहा भोकं. प्रत्येक भोकात बरोबर बसेल असा एकेक लाकडी दट्ट्या, वर धरायला छोटी मूठ. कुठला दट्ट्या जाड, कुठला बारीक. मुलानं सगळे दट्टे बाहेर काढायचे, एकमेकांत मिसळायचे आणि पुन्हा आपापल्या जागी बसवायचे. आता समजा, मुलानं बारीक दट्ट्या मोठ्या भोकात टाकला. तो आत डुगडुगतो. मूल पुढे जातं. शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो आणि राहिलेल्या भोकात तो काही केल्या जात नाही. मूल थांबतं, बघतं, कुठेतरी गडबड झालीय हे त्याच्या लक्षात येतं. मग ते दट्टे काढतं आणि पुन्हा बसवायला लागतं.

बघा हं, इथे बाईंनी चूक म्हणून सांगितलं नाही. लाल शाई नाही, दहापैकी सात असे गुण नाहीत, वर्गासमोर उभं करणं नाही. चूक कुठे झाली ते ठोकळ्यानेच दाखवलं आणि दुरुस्त मुलानं केलं. बाईंचं काम एवढंच, की मध्ये तोंड घालायचं नाही आणि मुलाला पुन्हा करायला वेळ द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? पण आपलं मूल बुटाच्या नाडीशी झगडत असतं तेव्हा आपण किती वेळ गप्प बसू शकतो? दे इकडे, उशीर होतोय, असं म्हणून आपणच नाडी बांधून मोकळ्या होतो!

भावनगरच्या या शाळेत ताराबाई अनेक वर्षं रमल्या. 1926 मध्ये गिजुभाई आणि त्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका हे मासिक गुजरातीत निघायचं, ते ताराबाईंनी मराठीत आणलं. मुलांना मारू नका, भीती घालू नका, लालूच दाखवू नका, परीक्षेच्या दडपणाखाली त्यांना चिरडू नका, हे त्या मराठी आयांना आणि शिक्षकांना परोपरीनं सांगत राहिल्या. पुढे मुंबईला परतल्यावर 1936 मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. शाळा नावारूपाला आली. मध्यमवर्गीय घरांतली मुलं येऊ लागली. ताराबाईंचं नाव झालं. दुसरी एखादी बाई असती तर इथेच समाधान मानून राहिली असती.

पण 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबईचं बस्तान सोडलं आणि त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हा हे गाव ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. आपल्या नाशिककरांना ओळखीच्या असलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तिथे आधीपासून होती आणि आचार्य भिसे यांच्यासारखा शिक्षणवेडा माणूस तिथे काम करत होता. शहरातल्या मुलांना जे मिळतं ते खेड्यातल्या गरीब मुलांना का मिळू नये, हा ताराबाईंचा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधायला त्यांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं.

याच टप्प्यावर त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं आणि आपल्या नाशिक जिल्ह्याचं जुनं नातं आहे. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, अशी त्यांची सुरुवात. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि नोकरीची पहिली वर्षं त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात शिकवण्यात काढली. नंतर पुण्याच्या हुजुरपागेत नोकरी करता करता रात्री अभ्यास करून 1937 मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. ताराबाईंबरोबर काम करताना, 1961 मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी त्या बी.ए. झाल्या! राहिलेली परीक्षा पुन्हा देणं म्हणजे काय, हे मुलांना सांगायचा अधिकार अनुताईंइतका कुणाला असेल?

तर बोर्डीला बालमंदिर सुरू झालं. साधनं होती, बाई होत्या, पद्धत नावाजलेली. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती दलित वस्तीतली, मजुरांची मुलंच येईनात. आता इथे काय म्हणता आलं असतं? या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, आपण काय करणार? कितीतरी शाळांनी असंच म्हणून हात झटकले आहेत. ताराबाईंनी तसं केलं नाही. दट्ट्या भोकात बसत नसेल तर दोष दट्ट्याचा नाही, आपण चुकीच्या जागी बसवतोय, हे त्या मुलांना शिकवत आल्या होत्या. तोच नियम त्यांनी स्वतःला लावला.

मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल. बाई वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत मुलं जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. आया कामं करता करता बघायच्या. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. आज आपल्या गावात, वाडीत, पाड्यावर असते तीच.

दुसरी चूक साधनांची. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधनं महाग. दादरला ती परवडत होती, पण खेड्यात ती आणायची कुठून? मग चिंचोके, बिया, खडे, पानं, शंखशिंपले हीच साधनं झाली. मोजायला चिंचोके, लहानमोठं लावायला शिंपले, रंग ओळखायला पानंफुलं. पैसा लागत नाही आणि मुलाला वस्तू ओळखीची वाटते. आज बालवाडीच्या प्रशिक्षणात बिनखर्ची साधनं म्हणून जे शिकवतात, त्याची वाट या बाईंनी आधीच घालून दिली होती.

1957 मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आपल्याकडून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार असं उतरत गेलं की तो मुलूख लागतो. आपल्या पेठ-सुरगाण्यासारखाच, डोंगर आणि पाड्यांचा. वारली आदिवासींची ही वस्ती. याच भागात 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं होतं. वेठ गेली, पण शाळा काही पाड्यावर रुजली नव्हती.

इथे तिसरी चूक समोर आली. शाळेची वेळ ठरलेली आणि त्याच वेळी मुलगा गुरांमागे रानात. मुलगी तर त्याहून अडकलेली. आई मजुरीला गेली की धाकटं भावंड हिच्या कडेवर. ती शाळेत यायची कशी? हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज गैरहजर. या मुली नापास झाल्या नव्हत्या, त्यांना पेपरच मिळाला नव्हता. ताराबाई आणि अनुताईंनी पुन्हा सगळं मांडून पाहिलं. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच ठिकाणी. विकासवाडी ती हीच. ताईनं भावंडाला कडेवर घेऊनच यायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि आपण वर्गात बसायचं. गुराख्यांसाठी तर शाळा थेट कुरणात गेली. गुरं चरतायत, मुलं शिकतायत. तिचं नावच कुरणशाळा. दिवसा ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग झाले.

शहरातून आलेल्या, नाव कमावलेल्या बाईला साठी ओलांडल्यावर आपलंच गणित पुसून पुन्हा करायला किती मोठं मन लागत असेल! आपण स्वयंपाकातल्या चुकीबद्दल सासूबाईंचं बोलणं चार दिवस मनात धरून बसतो. ताराबाई चुकीला अपमान समजत नव्हत्या. चूक म्हणजे पुढे कुठे जायचं ते सांगणारी पाटी, असं त्यांचं वागणं होतं.

1962 मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. ते बघायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे कितीतरी वर्षं चालवलं. त्यांना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 1992 मध्ये त्याही गेल्या.

आता पुन्हा आपल्या घरातल्या त्या चाचणीच्या पेपरकडे येऊ. ताराबाईंच्या कामाचा भर होता अगदी लहान मुलांवर, आणि परीक्षा नावाच्या प्रकाराबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. आपल्या मुलांना मात्र चाचण्या आहेत, दहावी-बारावी आहे, त्यातून सुटका नाही. मग ताराबाईंची रीत इथे कशी लावायची?

यावर अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये एक साधी पद्धत मांडली होती. धडा झाला की छोटी चाचणी घ्यायची, पण गुण देण्यासाठी नाही, मूल कुठे अडलं ते कळण्यासाठी. मग जिथे अडलं तेवढंच वेगळ्या तऱ्हेनं शिकवायचं. आणि मग त्याच भागावर दुसरी चाचणी घ्यायची. पहिल्या खेपेला मागे पडलेली बरीच मुलं दुसऱ्या खेपेला गाडी रुळावर आणतात. हे आणि दट्ट्यांचा ठोकळा यात काय फरक आहे सांगा! आपल्या राज्यातही 2023 मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत मूल मागे पडलं तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, असं ठरलं. दहावी-बारावीला पुरवणी परीक्षा असते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. नुसती दुसरी परीक्षा देऊन काही होत नाही. मधली दुरुस्ती झाली नाही तर दुसऱ्या पेपरातही तेच चुकणार. काही जणींना वाटेल, पुन्हा संधी मिळते म्हटल्यावर पोरं पहिल्यांदा अभ्यासच करणार नाहीत. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून तर आधी दुरुस्ती, मग दुसरी संधी, हा क्रम मोडायचा नाही. आपली चूक आपणच शोधून पुन्हा लिहिणं हे कष्टाचं काम आहे. ते करणारं मूल आळशी होत नाही.

आणि हे घरीही करता येतं बरं का. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, आपल्याला त्यातलं कळत नाही, म्हणून मागे राहू नका. पेपर आला की त्या दिवशी काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना म्हणा किंवा पोळ्या लाटताना म्हणा, मुलाला जवळ बसवायचं. यातलं कुठलं चुकलं ते तूच शोध, असं सांगायचं. का चुकलं ते त्याच्या तोंडून ऐकायचं. घाईत चुकलं, की येतच नव्हतं? येत नसेल तर बाईंना विचारून यायला सांगायचं. मग कोऱ्या कागदावर तेवढीच गणितं पुन्हा. आणि आठ दिवसांनी, आकडे बदलून, आणखी एकदा. आपल्याला गणित यायची गरज नाही, तोंड थोडं बंद ठेवायची आणि शेजारच्या मुलीचे गुण न विचारण्याची मात्र नक्की आहे.

जाता जाता एक आपल्यासाठी. कुणाची दहावी राहिली असेल, कुणाचं कॉलेज लग्नामुळे सुटलं असेल. आपल्या नाशकातच 1989 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घर-संसार सांभाळून तिथून पदवी घेतलेल्या कितीतरी बायका आपल्या आसपास आहेत. मुलाला पुन्हा कर म्हणताना आपलीही एखादी वही कुठे अर्धी राहिली आहे का, ते जरा बघूया. एकावन्नाव्या वर्षी बी.ए. झालेल्या अनुताई आपल्याच जिल्ह्यात शिकवून गेल्या आहेत, हे विसरू नका!